मण्यांची लिपी

१ जानेवारी १९६०, शुक्रवार. सकाळी ९.

नवी वही. स्टोअरमधून आणली. कुणी विचारलं नाही.

संकल्प एकच. जगातल्या मणीकामावर मराठीत पुस्तक नाही. ते मी लिहिणार. दहा प्रकरणं. रमजान ईद मार्चच्या शेवटी आहे, म्हणजे बारा आठवडे हातात. आठवड्याला एक प्रकरण, वर दोन आठवडे विश्रांती. ईदला पुस्तक घेऊन घरी.

कल्पना कंपनीच्या रीडिंग रूममध्ये सुचली. एका जुन्या इंग्रजी मासिकात झुलू लोकांवर लेख आहे. तिथले पुरुष दूर खाणींत कामाला जातात. मागे राहिलेल्या बायका त्यांना पत्र लिहीत नाहीत, मणी ओवून पाठवतात. पांढरा म्हणजे एक, लाल म्हणजे दुसरं. पुरुष माळ हातात घेतो आणि वाचतो. मी खुर्चीतून उठलोच. सात वर्षं मी कुवेतमध्ये आहे. सात वर्षं आमिनाला शाईनं लिहितो आहे. उगाच.

(लेखात बायका पुरुषांना पाठवतात. इथे पुरुष बायकोला पाठवील. फरक किरकोळ.)

आमिनाचं पत्र परवा आलं. तिला लिहिता येत नाही, गावच्या शाळेतले इद्रीस मास्तर लिहून देतात. अक्षर चांगलं आहे. तुम्ही येऊन पाच वर्षं झाली. ताहिरा चार वर्षांची झाली. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. ती विचारते, अब्बा फोटोत उभेच का असतात, बसत का नाहीत. या ईदला या. नाही आलात तर मला माझा विचार करावा लागेल.

स्वतःचा विचार करणं चांगलं. आमच्या गावात बायका तो करत नाहीत. ही प्रगती मी दूर राहिल्यामुळे झाली.

३ जानेवारी. संध्याकाळी ६.

पहिली माळ पूर्ण. दोन तास लागले. एकूण एकसष्ट मणी. पांढरे: मन साफ आहे. हिरवे: झुरतो आहे. लाल: प्रेम. मासिकात प्रत्येक रंगाला दोन अर्थ दिले आहेत, एक चांगला, एक वाईट. मी चांगले घेतले. वाईट कोण घेईल?

किल्ली, म्हणजे कुठला रंग म्हणजे काय, ती पाठवली नाही. पाठवणं म्हणजे तिच्या बुद्धीचा अपमान. ती कळून घेईल.

बदरुद्दीन म्हणाला, सोबत चार ओळी तरी लिही. बदरुद्दीन माझा रूम-पार्टनर. बाणकोटचा आहे, कंपनीच्या मेसमध्ये स्वयंपाकी. त्याला म्हटलं, चार ओळी लिहिल्या तर माळेला काय अर्थ राहिला? तो म्हणाला, मेल्या, तेच तर मी विचारतोय.

मदरशात शिकलेला माणूस. आधुनिक विचार झेपत नाहीत.

८ जानेवारी, शुक्रवार.

प्रकरण पहिलं: आफ्रिका. बसनं शहरात गेलो. दस्मानच्या बाजूला किनाऱ्यावर मोंबासाहून आलेली गलबतं लागली होती. खलाशांशी हिंदीत, अरबीत आणि हातांनी बोललो. एकाकडे मसाई बायका घालतात तसलं गळ्यातलं होतं. ताटाएवढं गोल, तारेवर ओवलेले मणी, पांढऱ्याच्या बाहेर लाल, लालच्या बाहेर निळा. अप्रतिम वस्तू. विकत घेतली.

संशोधकानं वस्तू अनुभवली पाहिजे. म्हणून घातली.

घालताना डोक्यावरून आली. काढताना कानाशी अडली.

बसमध्ये एका म्हाताऱ्या कुवेतीनं जागा दिली. मंगफला, आमच्या कंपनीच्या वस्तीशी, उतरून खोलीवर आलो. बदरुद्दीननं बघितलं, चूल बंद केली आणि खाली बसला. हसून झाल्यावर खोबरेल लावून ओढलं. उजवा कान अजून लाल आहे. तो म्हणाला, नवी नवरी लाजते पण इतकी नाही.

नोंद: मसाई बायकांची डोकी लहान असावीत. हे कुठल्याच पुस्तकात नसेल.

२१ जानेवारी.

ऑफिसात मुस्तफासाहेबांनी बोलावलं. ते आमचे हेडक्लार्क, दापोलीचे. म्हणाले, महबूब, तुझी रजा दोन वेळा लॅप्स झाली. आता तीन महिने मिळतात. फेब्रुवारीअखेरच्या बोटीवर जागा आहे, फॉर्म भरून दे, मी आजच सही करतो.

फॉर्म घेतला. त्यांना सांगितलं, पहिलं प्रकरण झालं की भरतो. ते म्हणाले, कसलं प्रकरण? पोलिसात काही आहे का?

हसलो. सांगितलं नाही. चांगली गोष्ट अर्धी असताना सांगू नये.

पहिलं प्रकरण: सात ओळी. सुरुवात पक्की आहे. ‘मनुष्य आणि मणी यांचे नाते पुरातन आहे.’ पुढे काय म्हणायचं ते ठरायचं आहे.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार.

आमिनाचं पत्र. मास्तरांचं अक्षर. माळ पोचली. पत्र नव्हतं, पाकिटात पुन्हा पुन्हा बघितलं. माळ कशासाठी ते कळलं नाही. ताहिरानं शेळीच्या गळ्यात घातली. शेळीनं नऊ मणी खाल्ले. शेळी बरी आहे. तुम्ही येताय का?

म्हणजे संदेश घरात पोचला. नऊ मणी गेले, बावन्न राहिले. मूळ आशय कायम.

‘येताय का?’ हा तिचा प्रश्न आहे. त्याला उत्तर दुसऱ्या माळेत द्यायला घेतलं. पिवळे हवे होते, संपले. निळे घातले. मासिकात निळ्याचा पहिला अर्थ एकनिष्ठा, दुसरा वैर. ती पहिला घेईल.

बदरुद्दीन म्हणाला, येतो किंवा नाही येत, एवढंच विचारलंय बायनं. ‘हो’ला किती मणी लागतात?

हा प्रश्न मात्र चांगला आहे. पुस्तकात घेईन.

४ मार्च, शुक्रवार. रोजे सुरू.

रोजा असताना लेखन होत नाही, हे सर्वमान्य आहे. दुपारी अक्षरं हलतात. म्हणून प्रकरणं दोन ते दहा ईदनंतर.

बोट गेली. जागा रिकामी गेली असं मुस्तफासाहेब म्हणाले. त्यांना म्हटलं, दुसऱ्या कुणाची सोय झाली असेल. ते म्हणाले, रिकामी गेली म्हणतोय मी.

रजेचा फॉर्म जाड कागदाचा आहे. त्याचे आठ तुकडे करून मण्यांच्या पुड्या बांधल्या. कागद वाया घालवायचा नाही.

२९ मार्च. ईद.

नमाज. गळाभेटी. बदरुद्दीननं शिरकुर्मा केला. जेवणानंतर सगळे आपापल्या घरची पत्रं काढून वाचत बसले. मी उत्तर अमेरिकेचे मुद्दे काढले. तिथले मूळ रहिवासी शिंपल्यांचे मणी करत. दोन टोळ्यांत करार झाला की मण्यांचा रुंद पट्टा विणत. करार विसरला तर पट्टा समोर धरत. ज्यानं मोडला त्याला पट्टा दिसत राही.

सुंदर पद्धत. आपल्याकडे सगळं तोंडी.

गावाला जायचं राहिलं. पण बकरी ईद अजून आहे. तीही ईदच. आमिनानं पत्रात ‘ईद’ म्हटलं होतं, ‘रमजान ईद’ म्हटलं होतं का ते तपासलं नाही. तिसरी माळ पाठवली. हिरवे जास्त घातले.

१५ एप्रिल, शुक्रवार. सकाळी ११. (खरं तर दुपारी २, पण घटना ११ ची.)

प्रकरण: बदूंचे मणी. एगैलाच्या बाजूला बदूंचे, वाळवंटातल्या भटक्या अरबांचे, तंबू पडले आहेत. एकटा गेलो. संशोधक एकटाच जातो.

अरबीत मणी म्हणजे ‘खरज’. रस्ताभर घोकलं. तंबूशी एक म्हातारा बसला होता. त्यानं कॉफी दिली. मी छातीवर हात ठेवून नम्रपणे सांगितलं की तुमच्या घरातल्या बायकांचे खरूफ बघायला आलोय.

खरूफ म्हणजे मेंढरू.

म्हाताऱ्यानं कॉफीचं भांडं खाली ठेवलं. मग त्यानं मुलाला हाक मारली. मुलानं एक मेंढरू आणलं. मी मान हलवली, हे नाही. दुसरं आणलं. मी म्हटलं, गळ्यातलं. मुलगा मेंढराच्या गळ्याकडे बघायला लागला. मी तंबूच्या आत बोट दाखवलं, जिथे बायका होत्या. तेव्हा कुत्रं सोडलं.

एक निरीक्षण मिळालं. उंटिणीच्या गळ्यात निळा मणी होता, दृष्ट लागू नये म्हणून. पळताना पाहिला. एकच होता की दोन, सांगता येत नाही.

१ मे.

महाराष्ट्र राज्य झालं. रेडिओ नीट लागला नाही. बदरुद्दीननं गोड केलं. पुस्तक नव्या राज्याला अर्पण करायचं ठरवलं. अर्पणपत्रिका लिहिली. एक पान. आजवरचं सगळ्यात मोठं प्रकरण.

आमिनाकडून दोन महिने पत्र नाही. ती माळा वाचते आहे. वाचायला वेळ लागतो.

१४ मे.

रजिस्टर्ड पाकीट आलं. आत दोन कागद. एक मास्तरांची चिठ्ठी, मराठीत. आमिनाच्या पुढच्या सोयीसाठी काझीसाहेबांनी कागद केला आहे. नीट वाचा. वाचून पटलं तरच सही करा. दोन साक्षीदार लागतील. जबरदस्ती नाही. एक नक्कल तुमच्यापाशी ठेवा.

दुसरा कागद काझींचा. उर्दू, घाईघाईचं अक्षर. मी मराठी सातवी फायनल, जिल्ह्यात नाव. कुराणाची अक्षरं लागतात, पण ही वळणं म्हणजे मुंग्या शाईत बुडून चालल्या आहेत. तरी एक शब्द ओळखला. तीनदा आला आहे: खुला. म्हणजे उघडा, मोकळा. ‘पुढच्या सोयीसाठी’ आणि ‘खुला’, दोन्ही जोडलं की अर्थ लागतो. हे बायकोच्या पासपोर्टचं संमतिपत्र आहे. खुली परवानगी. ती इकडे यायला निघाली आहे. हिरव्या मण्यांचं काम!

(काझीसाहेबांनी ‘खुला’च्या शेवटी अलिफ न घालता ऐन घातलं आहे. तिन्ही वेळा. मोठे झाले तरी शुद्धलेखन कच्चं. पत्रात हळूच कळवीन.)

बदरुद्दीनला साक्षीला बोलावलं. त्यानं कागद उभ्यानं वाचला. मग बसून वाचला. मला विचारलं, वाचलंस काय? म्हटलं, दोनदा. तो म्हणाला, आणि सही करणार? म्हटलं, आनंदानं. तो म्हणाला, एकदा पत्र तरी टाक तिला, बोल, माणसासारखा. म्हटलं, बोलण्याची वेळ गेली, आता कृती. तो म्हणाला, पोरीचं काय? म्हटलं, पोर आईबरोबर. दुसरं काय असणार?

त्यानं माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, तुझ्यासारखा थंड माणूस मी या मुलखात बघितला नाही.

बाहेर एकशे आठ डिग्री. कौतुक आवडलं.

बदरुद्दीननं सही केली, शेजारच्या मजीद न्हाव्यानं दुसऱ्या साक्षीचा अंगठा दिला. त्याला वाचता येत नाही, म्हणून त्यानं काही विचारलं नाही. बदरुद्दीन मात्र आज जेवला नाही. मत्सर असावा. त्याच्या बायकोला पासपोर्ट नाही.

५ जून. बकरी ईद.

तयारी. आमिना येणार तर वेगळी खोली लागेल. मजीदच्या मागे एक रिकामी आहे, छप्पर अर्धं. बघून आलो. उरलेल्या अर्ध्यात कपाट येईल.

तिला बोटीचा त्रास होतो का आठवत नाही. लग्नात ती होडीतून आली होती. खाडी होती, समुद्र नव्हे.

२२ जुलै, शुक्रवार.

आज फार मोठा दिवस.

आमिनाचं पत्र. मास्तरांचं अक्षर नाही. तिचं स्वतःचं! गावात प्रौढांचा वर्ग निघाला आहे असं कोपऱ्यात मास्तरांनी पेन्सिलीनं लिहिलं आहे, तिथे ती जाते. एकच ओळ. अक्षरं मोठी, ओळ उजवीकडे उतरलेली.

‘तुम्हि बांधलेली पोत वाढवली.’

खाली सही: आमिना दाऊद.

तीन वेळा वाचलं. इतकी वर्षं मी ज्या उत्तराची वाट पाहत होतो ते हे. तिनं माझ्या माळांचे मणी सोडवले आणि आपल्या गळ्यातल्या काळ्या पोतीत ओवले. पोत लांब केली. वाढवली. झुलू बाईलाही हे सुचलं नसतं. तिन्ही माळा धरल्या, शेळीनं खाल्लेले वजा केले, तर पोत आता कमरेपर्यंत येत असेल.

पत्र तपासलं. ‘तुम्ही’तला ‘म्ही’ तिनं ऱ्हस्व काढला आहे. सहीत बापाचं नाव लावलं आहे, नवऱ्याचं हवं. नवशिक्यांकडून होतं. लाल पेन्सिलीनं दोन्ही चुका दुरुस्त करून पत्र परत पाठवलं. दहापैकी आठ दिले.

बदरुद्दीनला ओळ वाचून दाखवली. त्यानं भाकरी तव्यावरच ठेवली. म्हणाला, पुन्हा वाच. वाचली. मी म्हटलं, वाढवली! तो म्हणाला, हो, ऐकलं. मग म्हणाला, आणि तुला बरं वाटतंय? म्हटलं, वर्षात इतकं बरं वाटलं नव्हतं.

भाकरी जळली. तो उठला नाही.

१९ ऑगस्ट, शुक्रवार. दुपारी.

खोलीत भट्टी. शाई दौतीत घट्ट होते. प्रकरण दोन अजून नाही, पण कारण योग्य आहे: प्रत्यक्ष काम. आमिना पोत वाढवते आहे, तिला माल कमी पडू नये. शहरातून काळे मणी आणले. बारीक, काचेचे, चांगले अर्धा किलो. डालडाच्या रिकाम्या डब्यात भरले, कापडात शिवले, पार्सल केलं. वर लिहिलं: आमिना महबूब. तिला योग्य नाव समोर दिसलं पाहिजे.

आज चिठ्ठीही घातली. नियम मोडला. लिहिलं: ‘अजून वाढव.’

पोस्टातल्या मल्याळी क्लार्कनं डबा हलवून विचारलं, आत काय, मिरी? म्हटलं, संसार.

त्यानं फॉर्मवर ‘ग्रोसरी’ लिहिलं.

७ ऑक्टोबर, शुक्रवार.

गावचा कासम आला. कालच्या बोटीनं. त्याला इथे एका बंगल्यावर काम लागलं आहे. सुके बोंबील आणले. खोलीत बसला, पाणी प्यायला, इकडेतिकडे बघितलं. मसाई गळ्यातलं भिंतीवर आहे, ते चाळण आहे का विचारलं.

मी विचारलं, आमिनाचा पासपोर्ट कुठवर आला?

तो म्हणाला, कसला पासपोर्ट?

म्हटलं, मी मे महिन्यात सही करून पाठवली ती.

तो बदरुद्दीनकडे बघायला लागला. बदरुद्दीन बोंबील मोजत होता. कासम म्हणाला, महबूबभाई, ती खुल्याची सही होती ना. जूनमध्ये खुला झाला. जमात बसली होती, काझींनी तुझी सही सगळ्यांना दाखवली. इद्दतीचे तीन महिने पण संपले तिचे. लोक म्हणाले, महबूब माणूस चांगला, कटकट केली नाही, लगेच मोकळी केली.

मी म्हटलं, हो.

तो म्हणाला, तुला ठाऊक होतं ना?

म्हटलं, अर्थात. सही मीच केली.

मग तो मोकळेपणी बोलला. आमिनानं पोत वाढवली त्या दिवशी तिची आई रडली, ती नाही रडली. म्हणाली, मान हलकी झाली. आता शाळेत मुलांचं दुपारचं दूध वाटायचं काम तिला लागलं आहे. ताहिरा पहिलीत बसते, वय कमी आहे तरी बसते. काळ्या मण्यांचा डबा आला होता. घ्यायला आमिना महबूब नावाचं कुणी नाही म्हणून पोस्टमननं तो शाळेत दिला. पोरं त्याच्यावर बेरजा शिकतात.

म्हटलं, त्यासाठीच पाठवला होता.

कासम म्हणाला, पोरांना फार आवडला.

८ ऑक्टोबर.

काही नाही.

९ ऑक्टोबर.

पोत तुटली असं आपल्याकडे म्हणत नाहीत. वाढली म्हणतात. बांगडीही वाढते. दिवा विझवत नाहीत, निरोप देतात. हे मला माहीत आहे. माझी आई म्हणायची. शेजारची बाई विधवा झाली तेव्हा आई म्हणाली, तिच्या बांगड्या वाढवल्या. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन. माहीत आहे. माहीत होतं.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार.

कागदाची नक्कल ट्रंकेत होती. बदरुद्दीनला म्हटलं, वाचून दाखव.

तो म्हणाला, तू दोनदा वाचला होतास.

म्हटलं, तिसऱ्यांदा ऐकायचा आहे.

त्यानं चष्मा लावला. सावकाश वाचला. आमिना, दाऊदची मुलगी, हिनं मेहरची रक्कम सोडली. नवऱ्याच्या नांदवण्याची तिनं पाच वर्षं वाट पाहिली. तिची काही तक्रार नाही. तिला निकाहातून सुटका हवी. नवरा महबूब यानं हा कागद वाचून, समजून, राजीखुशीनं तिला खुला दिला. मुलगी आईपाशी राहील. बाप भेटायला आला तर ती त्याला भेटेल.

‘तिची काही तक्रार नाही’ हे पुन्हा वाचायला सांगितलं. त्यानं पुन्हा वाचलं. मग म्हणाला, मला वाटलं तुला ठाऊक आहे. अल्लाकसम. मी त्या दिवशी जेवलो नाही रे.

म्हटलं, आठवतंय.

तो म्हणाला, तेव्हा एक शब्द विचारला असतास.

विचारला असता तर त्याला कळलं असतं की मला वाचता येत नाही.

‘ऐन’ बरोबर होतं: अलिफ लावला तर ‘मोकळा’, ऐन लावलं तर बायकोनं मागितलेली सुटका. काझींचं शुद्धलेखन पक्कं आहे.

१८ नोव्हेंबर, शुक्रवार.

पुस्तक सोडलेलं नाही. हे नमूद करणं आवश्यक आहे. उलट आता अडथळा काही नाही. रजा घ्यायची नाही, खोली बदलायची नाही. योजना सुटसुटीत केली: दहाऐवजी तीन प्रकरणं. मग एक. लांबचं सगळं दुसऱ्यांनी लिहिलेलं असेल. आपल्या कोकणाचं कुणी लिहिलं नसेल. काळ्या पोतीपासून सुरुवात करायची. ते मला घरचं आहे, अर्ध्या दिवसात होईल.

बसलो. किती पदर असतात? दोन? मध्ये सोन्याचे मणी किती, आणि किती काळ्यांनंतर एक? गाठ मागे असते की बाजूला? निकाहाच्या दिवशी ती बांधली तेव्हा मी तिथेच होतो. तिनं ‘तुम्ही बांधलेली’ लिहिलं; बांधली माझ्या आईनं, पण मी होतो. बघत कुठे होतो, आठवत नाही.

बदरुद्दीनला विचारलं. तो म्हणाला, मी बायकोच्या तोंडाकडे बघतो, मणी काय मोजू?

२ डिसेंबर, शुक्रवार.

मुस्तफासाहेबांनी महिन्यापूर्वी बायकोला इकडे आणलं. नूरीभाभी. आज जेवायला बोलावलं होतं. माणसं चांगली. सांदणं केली होती, नारळ डब्यातला, पण चव घरची. भाभींच्या गळ्यात काळी पोत. वाढताना वाकल्या की पुढे यायची, मग त्या पदराआड सारायच्या.

वही काढली. मुस्तफासाहेबांची परवानगी घेऊन विचारलं, भाभी, माफ करा, मी या विषयावर पुस्तक लिहितोय. पोतीला पदर किती, मणी कसे घेतात, गाठ कुठे मारतात, एवढं सांगाल?

त्या संकोचल्या. पण रागावल्या नाहीत, हसल्या. मुस्तफासाहेबांना म्हणाल्या, बघा, तुम्ही कधी विचारलं नाही. मग मला म्हणाल्या, भाईजान, प्रत्येक गावची रीत निराळी. आमची दापोलीची तुमच्या कामाची नाही. तुमच्याकडची तुमच्या घरच्यांना ठाऊक असणार. त्यांनाच लिहा ना पत्र. बायकोला असलं काही विचारलं की बरं वाटतं तिला.

मुस्तफासाहेब म्हणाले, हो ना, लिही की. पुढच्या टपालानं उत्तर येईल.

मी म्हटलं, आजच लिहितो.